कांद्यावरचा ताण मोजला, लागण करणाऱ्या बाईवरचा कोण मोजणार?

चाकणच्या आमच्या अभ्यासिकेत बारावी झालेल्या पोरापोरींना आम्ही दरवर्षी विचारतो, पुढे काय? उत्तरं ठरलेली. आयटीआय, डिप्लोमा, पोलीस भरती, एमपीएससी, एखाददुसरी वकिली. मागच्या खेपेला एका मुलीने 'उद्यानविद्या, पुढे संशोधन' असं सांगितलं आणि मागून हसू आलं. "तुमचा सातबारा कुठंय?" असं विचारणारा पोरगा आपलाच होता, त्याच्या घरीही सातबारा नाही. मुलीची आई टोळीबरोबर कांद्याच्या लागणीला आणि काटणीला जाते. त्या हसण्याला उत्तर द्यायला हवं म्हणून हे लिहीत आहोत.

आधी हे संशोधन काय असतं ते पाहू. चाकणहून नाशिक रस्त्याने थोडं पुढे गेलं की राजगुरुनगरला केंद्र सरकारचं कांदा व लसूण संशोधन संचालनालय आहे. 1994 मध्ये हे केंद्र नाशिकला सुरू झालं, 1998 मध्ये इथे आलं. भीमा सुपर, भीमा शक्ती, भीमा किरण हे कांद्याचे वाण इथलेच. (नावं भीमा नदीवरून आहेत, पण ऐकून बरं वाटतं हे लपवत नाही.) आपली शेकडो पोरं रोज त्या रस्त्याने कंपनीच्या बसमधून जातात. आत काय चालतं हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

कांद्याची मुळं उथळ असतात. पाणी तुटलं की पीक लगेच सुकतं, आणि पाणी साचलं की मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात, पात पिवळी पडते, कांदा पोसत नाही. ऑगस्ट-सप्टेंबरच्या धो-धो पावसात खरीप कांदा जातो तो असा. इथल्या शास्त्रज्ञांनी शंभर प्रकारचे कांदे लावून काहींचं पाणी मुद्दाम तोडलं. पानात पाणी किती टिकतं, हरितद्रव्य किती उरतं, पेशींचं आवरण किती तग धरतं, शेवटी उत्पन्न किती येतं, हे सगळं मोजलं. तो शोधनिबंध 2021 चा. पाणी साचण्यावरचा असाच अभ्यास 2022 मध्ये आला. बारामतीजवळ माळेगावला तर 2009 पासून अशा ताणांसाठी वेगळी राष्ट्रीय संस्था आहे. संशोधकाची उभी हयात यात जाते. चार वर्षं पदवी, दोन वर्षं पदव्युत्तर, मग पीएचडी, नेट, कृषी शास्त्रज्ञ भरती मंडळाची परीक्षा, आणि त्यानंतर एका वाणासाठी वर्षानुवर्षं.

हे काम मोलाचं आहे. आमचा वाद त्याच्याशी नाही.

आता दुसरा हिशेब करू. कांदा 15 बाय 10 सेंटिमीटरवर लावला तर एकरात अडीच लाखांहून जास्त रोपं बसतात. प्रत्येक रोप कुणीतरी वाकून, बोटाने चिखलात दाबतं. ते बोट बहुतेक वेळा बाईचं असतं, आणि ती बाई बहुतेक वेळा भूमिहीन असते. तोच चिखल, तेच ऊन. रोपाचा ताण नोंदवायला उपकरणं आहेत. तिच्या कमरेची, लघवीच्या जळजळीची, पाण्यावाचून गेलेल्या दुपारची नोंद कुठल्या तक्त्यात होते? योजनांचंही तसंच. बाबासाहेबांच्या नावाच्या कृषी स्वावलंबन योजनेत नवी विहीर हवी तर आधी किमान 40 गुंठे जमीन हवी. ज्यांनी 1959 आणि 1964 ला जमिनीसाठी सत्याग्रह उभे केले त्या दादासाहेब गायकवाडांच्या नावाची सबळीकरण योजना जमीन देते, पण 2018 च्या बदलानंतर जिरायतीला एकरी 5 लाख आणि बागायतीला 8 लाख ही मर्यादा. चाकणभोवती गुंठ्याचा भाव लाखांत बोलला जातो.

मग 'आपल्याला शेती नाही, आपला काय संबंध' हे म्हणणं बरोबर का? नाही. बाबासाहेबांनी 1918 मध्ये भारतातल्या लहान धारणक्षेत्रांवर निबंध लिहिला तेव्हा ते काही बागायतदार नव्हते. जमीन लहान की मोठी हे एकरांवर ठरत नाही, तिच्यावर भांडवल आणि श्रम किती लागतात त्यावर ठरतं, हे त्यांनी मांडलं, आणि शेतीवरचा जादा माणसांचा भार हलका करायला उद्योग वाढवा असं सांगितलं. चाकणला उद्योग आले. आपल्या वाट्याला मात्र सात-आठ महिन्यांची कंत्राटी चिठ्ठी आली. म्हणजे शेतीचा प्रश्न सुटला नाही, शेतीवर बोलणारे आपण मात्र तिथून उठून आलो.

कार्व्हर घ्या. वीणा गवाणकरांच्या पुस्तकामुळे तो मराठी घरांत पोचला, पण शाळांनी त्याला 'जिद्दीची गोष्ट' करून टाकलं. गुलामगिरीत जन्मलेला हा माणूस 1896 मध्ये टस्कीगीला गेला तो 1943 मध्ये मरेपर्यंत तिथेच राहिला. कापसाने निचोडलेली जमीन दुसऱ्याची आणि कसणारा कर्जात बुडालेला काळा वाटेकरी, हे त्याला माहीत होतं. म्हणून विकतचं खत न लागता जमीन कशी सुधारेल हा प्रश्न त्याने धरला, आणि 1906 मध्ये त्याने आखलेली घोडागाडीवरची फिरती शाळा वाटेकऱ्यांच्या दारात गेली. प्रश्न कुठून आला ते बघा.

उद्या कांदा लागणीचं यंत्र सगळीकडे आलं तर तिची कंबर वाचेल आणि रोजही जाईल. या दोन्ही गोष्टी एकदम दिसायला त्या चिखलातून आलेला संशोधक लागतो. एकट्याने सगळं बदलेल असा आमचा भाबडा समज नाही. पण केंद्राच्या भरतीत आपल्या 15 टक्के जागा आहेत, आणि त्यासाठी तयारी करणारी पोरं आमच्या पाहण्यात बोटावर मोजण्याइतकी.

वाट सोपी नाही. 2023 मध्ये बार्टीच्या अधिछात्रवृत्तीसाठी आपल्या संशोधकांना आझाद मैदानात बसावं लागलं. कांदा पोसण्याच्या ऐन दिवसांत पाणी तोडलं की नुकसान सर्वांत जास्त, हे राजगुरुनगरला कुणीही सांगेल. पीएचडीच्या मधल्या वर्षाचंही तसंच असतं. तेव्हा तो पैसा वेळेवर मिळवणं हे फक्त विद्यार्थ्यांचं आंदोलन समजू नका, वस्तीवस्तीतल्या मंडळांनी ते आपलं मानावं.

त्या मुलीला आणि हसणाऱ्या पोराला घेऊन आम्ही संचालनालय बघायला जाणार आहोत. आईलाही यायचं आहे. म्हणून लागण उरकल्यानंतरचा दिवस धरला आहे, रोज बुडवून ती येणार नाही.