मागच्या चाकांची चौकशी

दिवाळीला मोटार घेऊन गावी निघायचे म्हटले, की घराघरांतून केवढी धांदल! चिवड्याचे डबे, मुलांच्या लवंगी माळा, आजीची उशी. मोटारीच्या वाट्याला मात्र हवा, पेट्रोल आणि फार तर 'अलाइनमेंट'. तीही पुष्कळदा पुढच्या दोन चाकांचीच. मागच्यांना कोणी पुसत नाही.

वळतात ती पुढची चाके; मागची नुसती मागोमाग येतात, असे आपण धरून चालतो. वास्तविक गाडी कोणत्या दिशेने रेटली जायची ते मागची चाके ठरवितात. खोल खड्ड्यात एखादे मागचे चाक आपटून अ‍ॅक्सल किंचित तिरका झाला, की गाडी खेकड्याच्या चालीने चालू लागते. मागची चाके उजवीकडे पाहू लागली, तर गाडीचे तोंड डावीकडे वळू पाहते, आणि आपण नकळत स्टिअरिंग उजवीकडे धरून बसतो. मग कोणी तरी पुढचे दांडे फिरवून स्टिअरिंग तेवढे सरळ करून देतो. ताप उतरला, दुखणे कायम!

बरे, नुकसान डोळ्यांना दिसत नाही. टायर बाहेरून कोरा करकरीत आणि आतल्या कडेला तारा उघड्या पडायच्या बेतात, असे मी पाहिले आहे. अवकाळी सर पडून घाट ओला झाला आणि वळणावर ब्रेक दाबला, की अशा गाडीची पाठ घसरू शकते. मागच्या बाकावर बहुधा मुलेच असतात.

म्हणून गाडी थांबवून तळहात मागच्या टायरवरून आडवा फिरवावा, आतल्या कडेपर्यंत. एका बाजूने गुळगुळीत आणि उलट फिरवताच करवतीचे दाते लागले, तर चाक तिरके चालते आहे असे समजावे.

पुढची परीक्षा दोऱ्याची. आकाशकंदिलासाठी आणलेला दोरा घरात असतोच. सपाट जागी, चाकांतली हवा सारखी करून, गाडीच्या दोन्ही बाजूंना चाकांच्या मध्याइतक्या उंचीवर दोरे ताणावेत. पुढच्या दोन्ही चाकांच्या मध्यापासून दोऱ्याचे अंतर दोहीकडे सारखे हवे, मागच्यांचेही तसेच. पुढच्या-मागच्या जोडीत फरक असला तर बिघडत नाही, कारण दोन्ही जोड्यांची रुंदी पुष्कळदा वेगळी असते. मग मागच्या रिमची पुढली कड आणि मागली कड दोऱ्यापासून किती दूर, ते मोजावे. पुढली कड अधिक दूर, म्हणजे चाक आत वळलेले. किती मिलिमीटर चालेल ते गाडीच्या पुस्तकावरून ठरवावे. डावी-उजवीकडे मात्र फरक जवळजवळ सारखा हवा.

दोन्हीकडची पुढच्या-मागच्या चाकांतली लांबीही मोजावी. १९६१ साली निघालेल्या फ्रान्सच्या रेनॉ ४ ह्या गाडीची उजवी बाजू डावीपेक्षा साडेचार-पाच सेंटिमीटर मुद्दाम लांब ठेवली होती! आपल्या गाडीला ती सवलत नाही.

पुष्कळ लहान मोटारींत मागच्या चाकांची दिशा बदलायला स्क्रूच नसतो. 'शिम' नावाची पातळ चकती घालावी लागते, नाही तर अ‍ॅक्सलच बदलावा लागतो. तो तापवून, ठोकून सरळ करून देतो म्हणणाऱ्याला लांबूनच नमस्कार करावा. आणि अलाइनमेंटचा कागद हाती आला, की मागच्या चाकांचे आकडे त्यात आहेत का ते पैसे देण्याआधी पाहावे.