परदेशस्थ विद्यार्थी आणि त्यांची शाळा

शाळेचा माजी विद्यार्थी संघ जन्मास येतो तो बहुधा एखाद्या महोत्सवाच्या दिवशीं. शाळेस ५०, ७५ किंवा १०० वर्षें पूर्ण होतात. मांडव पडतो, वृद्ध गुरुजनांस शाल-श्रीफळ दिलें जातें, परगांवची व परदेशची मंडळी जुन्या बांकांवर दाटीनें बसून घेते आणि त्याच संध्याकाळीं टाळ्यांच्या गजरांत संघाची घोषणा होते. पहिल्या वर्षीं वर्गणी जमते. दुसऱ्या वर्षीं सभेस निम्मे सभासद येतात. तिसऱ्या वर्षीं चिटणीस एकटे उरतात. परदेशीं गेलेल्या मंडळींचीं नांवें यादींत असतात, पण पत्राचें उत्तर कोणाकडूनच येत नाहीं. असे संघ भांडणानें मोडत नाहींत. ते नुसते विसरले जातात.

याचें कारण विचारलें तर अंतराकडे बोट दाखविण्याची आपली रीत आहे. सातां समुद्रांपलीकडे गेलेला माणूस तिकडेच रमला, असें म्हणून आपण मोकळे होतों. आम्हांस हें उत्तर पटत नाहीं. अमेरिकेंत ३० वर्षें काढलेला मुलगा घरच्या गणपतीच्या आरतीची वेळ विचारून घेतो; भाचीचा दहावीचा निकाल असला तर आपल्याकडे दिवस उजाडण्याची वाट पाहत तिकडे जागा राहतो. घराच्या बाबतींत जें अंतर आड येत नाहीं, तें शाळेच्याच बाबतींत कां यावें? आमच्या मतें खरें कारण निराळें आहे. घर त्याला बातमी देतें व त्याच्याकडून काम मागतें. शाळा त्याला आठवण देते व त्याच्याकडून पैसा मागते. आठवण कांहीं दिवस पुरते आणि पैसा एकदां दिला कीं देणाऱ्याचें मन मोकळें होतें. वर्षानुवर्षें चालतें तें बातमीचें आणि कामाचें नातें.

हें नातें टिकविण्याजोगें आहे किंवा नाहीं, हा प्रश्न आमच्या वाचकांपुढें नसावा. पुण्याचें न्यू इंग्लिश स्कूल विष्णुशास्त्री चिपळूणकर व लोकमान्य टिळक यांनीं १८८० च्या जानेवारींत काढलें. हुजूरपागेंतील मुलींची शाळा १८८४ सालीं निघाली. लोकमान्यांचें निधन १९२० च्या ऑगस्टांत झालें आणि वर्ष पुरें होण्याच्या आंत पार्ल्याच्या रहिवाशांनीं त्यांच्या नांवानें विद्यालय उभारिलें. अशा शाळांच्या मागें धनिकांच्या थैल्यांपेक्षां शिक्षकांचा स्वार्थत्याग आणि सामान्य गृहस्थांच्या वर्गण्या अधिक होत्या. त्या पुण्याईवर शिकलेलीं मुलें पुढें जगभर गेलीं. १९६५ सालीं अमेरिकेनें देशवार ठरविलेले जुने कोटे रद्द केले, तेव्हां डॉक्टर व इंजिनिअर गेले. नंतर आखाती देशांनीं बोलाविलें. नव्वदीपासून संगणकाच्या कामानें घरोघरचा एक तरी मुलगा वा मुलगी दूर नेली. परदेशांत मराठी माणसाला संस्था चालवितां येत नाहींत असेंहि नाहीं. लंडनचें महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून चालू आहे आणि उत्तर अमेरिकेचें बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ सालीं स्थापन झालें. तेव्हां उणीव आहे ती इकडच्या व्यवस्थेंत, आणि ती भरून काढण्याजोगी आहे.

पहिलें काम यादीचें. ज्याच्या-त्याच्या मोबाइलमधील नांवें गोळा करून केलेली यादी ही पुढच्या बांकांवरील मुलांची यादी होते. मागच्या बांकावरून उठून गेलेला, कोणाच्याच ग्रुपांत नसलेला आणि कदाचित् शाळेविषयीं सर्वांत अधिक कृतज्ञ असलेला विद्यार्थी तींत सांपडत नाहीं. म्हणून यादी शाळेच्या जनरल रजिस्टरावरून करावी. त्यांत प्रत्येकाची नोंद असते व दाखल्यावरहि तोच क्रमांक येतो. मुलींच्या बाबतींत तर याहून अधिक दक्षता हवी. रजिस्टरांतील कुलकर्ण्यांची मुलगी लग्नानंतर देशपांड्यांची सून होते. आपल्या रिवाजाप्रमाणें कित्येकींचें पाळण्यांतलें नांवहि बदलतें. चिटणीसांजवळ एकच नांव असलें तर ती मुलगी हरवलीच म्हणावयाची. केवळ मुलींच्या शाळेंत या एका चुकीनें सबंध पिढी हातची जाऊं शकते. यादींत माहेरचें व सासरचें अशीं दोन्ही नांवें असावींत, शाळा सोडल्याचें साल असावें आणि येथील घरच्या एखाद्या माणसाचा फोन-क्रमांक असावा.

येथें आमच्या वाचकांचा प्रत्यक्ष संबंध येतो. परदेशांतील पत्ते दर चार वर्षांनीं बदलतात. कोणत्या मुलानें कोठें घर घेतलें हें घरच्या आईला, वहिनीला किंवा आजीला ठाऊक असतें. पूर्वीं वाड्याच्या पत्त्यावर पाठविलेलें पत्र फिरून-फिरून कां होईना, पोंचत असे. आतां वाडे पाडून तेथें इमारती झाल्या, भावंडें निरनिराळ्या उपनगरांत गेलीं आणि तो जुना पत्ताहि गेला. अशा वेळीं घरांतील एका वडील माणसानें मुलांना विचारून त्यांचे पत्ते व क्रमांक शाळेस कळविण्याचें काम अंगावर घेतलें, तर वर्षांत एक तास खर्च होईल आणि संघाचें निम्में काम होऊन जाईल.

दुसरें काम बातमीचें. दर दोन महिन्यांनीं एक पान, याहून अधिक नको. व्हॉट्सॲपवरील सुप्रभाताच्या फुलांनीं संघ जिवंत राहत नाहीं. त्या पानांत पांचवीच्या वर्गांत यंदा किती मुलें आलीं, कोणते शिक्षक निवृत्त झाले, कोणत्या बाईंचें निधन झालें, प्रयोगशाळेंत काय आहे व काय नाहीं, गळणारें छप्पर दुरुस्त झालें कीं नाहीं, हें लिहावें. निकाल चांगला लागला तर तसें लिहावें. गणितांत मुलें मागें पडलीं तर तेंहि लिहावें. शाळेचे दोष माजी विद्यार्थ्यांपासून झांकून ठेवावयाचे असतील, तर त्यांना आपलें म्हणण्यांत अर्थ नाहीं.

आणि एक गोष्ट तर लिहिलीच पाहिजे. परदेशस्थ मंडळींच्या मनांतील शाळा व आजची शाळा यांत पुष्कळ अंतर पडलें आहे. पुण्याच्या पेठांतील आणि मुंबईंत दादर-गिरगांवच्या अनेक मराठी शाळांत आज येणारीं मुलें निराळ्या घरांतलीं आहेत. कोणाची आई घरकाम करते, कोणाचे वडील रिक्षा चालवितात, पुष्कळांच्या घरीं पहिलें पुस्तक शाळेमुळेंच आलें. ज्या घरांतून पूर्वीं या शाळांस विद्यार्थी मिळत, त्या आपल्या घरांनीं आपलीं मुलें इंग्रजी माध्यमाकडे वळविलीं. त्याबद्दल कोणास दोष देण्याची आमची इच्छा नाहीं; प्रत्येक घराला आपल्या मुलांचा विचार करावाच लागतो. परंतु 'आमची शाळा आतां पूर्वींची राहिली नाहीं' हा उद्गार आपल्याच दिवाणखान्यांत ऐकूं आला म्हणजे आम्हांस वाईट वाटतें. गरीब घरचें मूल हातीं धरून त्याला शहाणें करणें हेंच तर शाळेचें काम. तें ती आज पूर्वींपेक्षां अधिक कठीण स्थितींत करीत आहे. अनुदानित शाळेंत मान्य पदांचे पगार सरकार देतें; पण किती पदें मान्य व्हावयाचीं तें पटावरील मुलांच्या संख्येवर ठरतें. मुलें घटलीं कीं शिक्षक अतिरिक्त ठरतात, शिक्षक गेले कीं आणखी मुलें जातात. या चक्रांत सांपडलेल्या शाळेस माजी विद्यार्थ्यांचे केवळ अश्रू काय कामाचे?

म्हणून तिसरी गोष्ट काम. परदेशांतील सभासदास नेमकें, लहान व ठराविक मुदतीचें काम सांगावें. 'शाळेसाठीं कांहीं करा' या वाक्यानें कोणी हलत नाहीं. 'आठवीच्या पांच मुलांशीं तीन महिने आठवड्यांतून एकदां इंग्रजींत बोला' असें म्हटलें कीं माणूस रोजनिशी उघडतो. शनिवारीं शाळा बहुधा सकाळची असते. आपल्याकडे शनिवारीं सकाळीं आठ वाजतां, हिंवाळ्यांत, न्यूयॉर्कला शुक्रवारच्या रात्रींचे साडेनऊ आणि कॅलिफोर्नियांत सायंकाळचे साडेसहा झालेले असतात. दोन्हीं ठिकाणचा माणूस दिवसाच्या कामांतून मोकळा झालेला असतो. सभांच्या वेळाहि अशाच मोजून ठरवाव्या. हिंवाळ्यांत आपल्या सायंकाळीं साडेसात वाजतां लंडनला दुपारचे दोन, न्यूयॉर्कला सकाळचे नऊ, पण कॅलिफोर्नियांत पहाटेचे सहा आणि सिडनींत मध्यरात्र उलटून एक वाजलेला असतो. सकाळीं साडेसात ठेविली तर अमेरिकेची संध्याकाळ व सिडनीची दुपार साधते, पण लंडन झोपलेलें असतें. सर्वांना सोयीची वेळ पृथ्वीवर नाहीं. म्हणून एक सभा सकाळीं व पुढची सायंकाळीं घ्यावी, म्हणजे गैरसोय आळीपाळीनें वांटली जाते. नेहमीं एकाच टोकाच्या माणसांनीं झोंप मोडावयाची असली कीं तीं माणसें दुसऱ्या वर्षीं दिसत नाहींत.

आतां पैशाविषयीं. पैसा लागतोच, पगारांपलीकडचा बराचसा खर्च संस्थेसच भागवावा लागतो. परंतु येथें भाबडेपणा घातक आहे. परदेशीं राहणारा जो माजी विद्यार्थी अद्यापि भारताचा नागरिक आहे, त्यानें आपल्या बचतींतून बँकेच्या नेहमींच्या मार्गानें दिलेली देणगी कायद्यानें परकीय ठरत नाहीं. ज्यानें तेथील नागरिकत्व घेतलें, त्याची देणगी मात्र परकीय ठरते. मग तो जन्मानें सदाशिव पेठेंतला असो, आणि त्याच्याजवळ ओसीआय कार्ड असो. अशी देणगी घेण्यास २०१० च्या परकीय योगदान कायद्याखालीं केंद्र सरकारची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. २०२० च्या दुरुस्तीनंतर नोंदणी झालेल्या संस्थेलाहि ती प्रथम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली येथील मुख्य शाखेंतील खात्यांतच घ्यावी लागते, आणि एका संस्थेनें घेतलेली परकीय देणगी दुसऱ्या संस्थेकडे वळवितां येत नाहीं. म्हणजे संघानें घेऊन शाळेस द्यावी, हा सरळ दिसणारा मार्ग बंद आहे. तेव्हां महोत्सवाच्या उत्साहांत एकाच पेटींत सर्वांचे पैसे घालूं नयेत. देणाऱ्यास नागरिकत्व विचारण्यांत संकोच कसला? प्रथम सनदी लेखापालांचा सल्ला घ्यावा, मगच आवाहन छापावें. आणि देणगी संगमरवरी पाटीसाठीं मागण्याऐवजीं शिपायाच्या पगारासाठीं, वाचनालयाच्या दिव्यांसाठीं, मुलींच्या स्वच्छतागृहासाठीं मागावी. वर्षाअखेर रुपयागणिक हिशेब पाठवावा. ज्याला हिशेब मिळतो तो पुढच्या वर्षीं आपण होऊन विचारतो.

शेवटीं कारभार. बहुतेक संघ एका उत्साही माणसाच्या खांद्यावर चालतात व त्याच्या आजारपणाबरोबर बसतात. चिटणीस दोन असावे, एक येथील व एक परदेशांतील. आणि तीन वर्षांनीं दोघांनींहि बाजूला व्हावें. निरनिराळ्या सालांच्या विद्यार्थ्यांतून एक-एक प्रतिनिधि असावा, आणि त्यांत नुकतीं शाळा सोडलेलीं मुलेंहि असावींत. नाहीं तर संघ हा समवयस्क वृद्धांचा कट्टा होऊन बसतो. महाराष्ट्रांत सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेल्या संघाचे कार्यकारी बदलले तर ९० दिवसांच्या आंत धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयांत बदल अर्ज द्यावा लागतो. तें राहून गेलें कीं नोंदीवर जुनींच नांवें राहतात, बँकेंत सह्यांची अडचण होते आणि चांगली चाललेली संस्था कागदांत अडकते.

या सर्वांत खर्च थोडा आहे. लागते ती चिकाटी. ती परदेशांतील मुलांनीं दाखवावी, असें म्हणण्यापूर्वीं येथें राहिलेल्या आपण सर्वांनीं एक करावें. मुलें-नातवंडें तिकडच्या सुट्टींत इकडे येतात. जून-जुलैंत आलीं तर आपल्या शाळा नुकत्याच सुरू झालेल्या असतात. नाताळांत आलीं तर बहुधा स्नेहसंमेलनाची गडबड असते. लग्नें, खरेदी व देवदर्शनें यांच्या यादींत कामकाजाच्या दिवशींची शाळेची एक सकाळ घालावी. तिकडे वाढलेल्या नातवाला घेऊन वडिलांनीं आपल्या जुन्या वर्गांत जावें, तेथें आज बसलेल्या मुलाला त्याचें नांव विचारावें, तो काय वाचतो तें पाहावें. त्या मुलाचें नांव एकदां कानीं पडलें, म्हणजे संघाचें पुढचें पत्र न उघडतां बाजूला पडणार नाहीं. आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं अशी मंडळी यंदा येणार असेल, त्यांनीं ही सकाळ आतांच ठरवून ठेवावी, अशी आमची विनंती आहे.