ध्रुवपदापुरते कान

पाश्चात्त्य रॉक संगीताविषयी आमच्या समाजात दोन पक्ष आहेत. एक पक्ष ते सैतानी ठरवून कानांवर हात ठेवतो, तर दुसरा दिवसभर तेच कानांत भरून घेतो. या दोघांचे एका बाबतीत मात्र पूर्ण एकमत आहे: गीताचे शब्द काय सांगतात, हे कोणीच पाहत नाही. आमचा आक्षेप नेमका या एकमतावर आहे.

हा आक्षेप घेण्याचा फारसा अधिकार आम्हांस नाही, हे आरंभीच कबूल केलेले बरे. तरुण धर्मगुरू असताना आम्ही प्रवचनातून या संगीतावर सडकून टीका केली होती, आणि त्यापूर्वी त्यातले एकही कडवे वाचलेले नव्हते. गोंगाट ऐकला आणि निकाल दिला. पुढे धर्मग्रामातील तरुणांनीच काही गीतांचे शब्द आमच्यापुढे ठेवले, तेव्हा आम्ही खजील झालो.

केवळ ध्रुवपदाला कान देण्याची सवय थोरामोठ्यांनाही असते. ब्रूस स्प्रिंगस्टीन हा अमेरिकन गायक कॅथलिक घरात वाढलेला. त्याचे 'बॉर्न इन द यू. एस. ए.' हे गीत १९८४ साली गाजले. ध्रुवपद एखाद्या जयघोषासारखे, म्हणून अनेकांनी ते देशाभिमानाचे गीत मानले. त्याच वर्षी १९ सप्टेंबर रोजी न्यू जर्सीतील हॅमंटन येथे, निवडणुकीच्या प्रचारात, राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी या गायकाच्या गीतांतील आशेच्या संदेशाचा गौरव केला. आता कडव्यांत काय आहे? एका गरीब गावातील तरुण, हाती बंदूक देऊन व्हिएतनामला धाडलेला. परतल्यावर त्याला कारखान्यात काम मिळत नाही आणि सरकारी दारीही आधार मिळत नाही. ज्याला लोक जयघोष समजले, तो वास्तविक एका टाकून दिलेल्या माणसाचा आक्रोश होता.

येथे स्तुतीने गीताचा अर्थ बुडवला. पुढे याच गायकाच्या दुसऱ्या गीताचा अर्थ निंदेने बुडवला. ४ फेब्रुवारी १९९९ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात अमादू डियालो हा २३ वर्षांचा कृष्णवर्णीय तरुण स्वतःच्याच इमारतीच्या दारात मारला गेला. गिनी देशातील कुटुंबातला हा मुलगा पोटासाठी अमेरिकेत आला होता. साध्या वेशातील चार पोलिसांनी ४१ गोळ्या झाडल्या, त्यांतील १९ त्याला लागल्या. तो निःशस्त्र होता. खिशातून काढले ते पाकीट होते. फेब्रुवारी २००० मध्ये ज्यूरीने चौघांनाही निर्दोष ठरवले. त्याच वर्षी ४ जूनला अटलांटा येथे स्प्रिंगस्टीनने 'अमेरिकन स्किन' हे गीत प्रथम गायले. गोळ्यांचा आकडा त्यात पुन:पुन्हा येतो. तेवढ्यावरून न्यूयॉर्कच्या पोलीस संघटनेच्या अध्यक्षांनी त्याच्या कार्यक्रमांवर बहिष्काराचे आवाहन केले.

ज्यांनी हे गीत पोलिसद्वेष्टे ठरवले, त्यांनी पहिले कडवे तरी ऐकावयास हवे होते. ते मृताच्या नातलगांपासून सुरूच होत नाही. गोळी झाडणारा पोलीस त्या देहाशेजारी गुडघे टेकून त्याच्या प्राणांसाठी प्रार्थना करीत आहे, हा गीताचा पहिला प्रसंग. नंतर एक आई शाळेला निघालेल्या लेकराला शिकवण देते: पोलिसाने अडवले तर नम्रपणे वाग, पळू नकोस, हात दिसतील असे ठेव. भय दोन्ही बाजूंना आहे, परंतु त्याची किंमत एकाच बाजूला मोजावी लागते, हे गायक लपवीत नाही. आणि शेवटी येते स्नानसंस्काराची प्रतिमा, पाण्याची आणि रक्ताचीही. तेथे तो 'ते' म्हणत नाही, 'आपण' म्हणतो. पापनिवेदनाची भाषा जाणणाऱ्या कॅथलिक माणसाला हे सर्वनाम कळू नये काय?

कोणी म्हणेल, न्यायालयाने निकाल दिल्यावर गवयाने बोलावे कशास? न्यायालय चार व्यक्तींच्या अपराधाचा विचार करते. त्या आईला ती शिकवण का द्यावी लागते, हा प्रश्न कोणत्याही ज्यूरीपुढे नसतो. अमेरिकेतील बिशपांनी १९७९ साली आपल्या पत्रकात वंशद्वेषाला स्पष्टपणे पाप म्हटले. २०१२ मध्ये फ्लोरिडात ट्रेव्हॉन मार्टिन हा १७ वर्षांचा मुलगा मारला गेल्यावर तेच गीत पुन्हा गायले गेले. दुर्दैवाने ते जुने झालेले नव्हते.

दुसरा आक्षेपही खरा आहे: या संगीतात बीभत्स आणि व्यसनाचा गौरव करणारे पुष्कळ असते. ते आम्ही नाकारीत नाही. पण निवड करावयाची तर आधी शब्द वाचावे लागतात.

नाथान संदेष्ट्याने दावीद राजाला गरिबाच्या एकुलत्या कोकरीची गोष्ट सांगितली. दावीद त्या श्रीमंतावर संतापला, कारण गोष्ट दुसऱ्याची आहे असे त्याला वाटले. अमेरिकेतील गोऱ्यांविषयीचे गीत ऐकून आपणही असेच संतापतो. परंतु वसईत आपल्या पूर्वजांच्या मस्तकावर स्नानसंस्काराचे पाणी ओतले गेल्याला चारशेहून अधिक वर्षे लोटली, तरी आजही स्थळ पाहताना पहिला प्रश्न 'मुलगी कुठल्या समाजातली?' हाच असतो. पाड्यावरून येणारे आदिवासी बंधू मिस्साला मागच्या बाकावर बसतात आणि त्यांना पुढे बोलावण्याचे कोणास सुचत नाही. घर भाड्याने देताना आपण आडनाव विचारतो, मग खोली रिकामी नाही असे सांगतो. आपल्या दारात कोणी गोळ्या झाडीत नाही, एवढ्यावर समाधान मानावे काय?

म्हणून पालकांना आमची विनंती आहे की, मुलाच्या खोलीतून असे गीत ऐकू आले तर आवाज कमी करावयास सांगा, पण तेथेच थांबू नका. शब्द काढा, कडवी वाचा आणि या प्रसंगात आपण कोणाच्या जागी उभे आहोत, हे मुलाला विचारा. मग तोच प्रश्न मुलाला तुम्हांलाही विचारू द्या.