नशीब कसलं? बॅटरी!

कुणी अकाली गेलं की "आयुष्याची दोरीच तेवढी होती हो" म्हणणारे भेटतात. माझं डोकं फिरतं. मला अलेक्सेई चेरेपानोव आठवतो.

रशियातल्या ओम्स्कच्या 'अवानगार्ड' संघाचा आइस हॉकीपटू. पहिल्याच मोसमात १८ गोल, पावेल बुरेचा नवोदितांचा विक्रम मोडला! २००७ मध्ये न्यूयॉर्क रेंजर्सने त्याला निवडलं.

१३ ऑक्टोबर २००८. मॉस्कोजवळच्या चेखवमधला सामना संपत आलेला. यारोमिर यागरबरोबर खेळून हा बाकावर येऊन बसला आणि कोसळला. हृदयाचा आजार होता, मान्य. पण रुग्णवाहिका आधीच निघून गेलेली, परत बोलवावी लागली. हृदयाला झटका द्यायचं यंत्र होतं, त्याची बॅटरी उतरलेली! पोरगं गेलं. वय वर्षं १९.

तो वाचलाच असता असं मी म्हणत नाही. पण आजार वेळीच हेरणं, शेवटच्या शिट्टीपर्यंत गाडी थांबवणं, बॅटरी चार्ज ठेवणं ही माणसांचीच कामं ना? ती न करणाऱ्यांना 'नशीब' हा शब्द अलगद सोडवतो. माझा राग त्या शब्दावर आहे.

असो. दोरी वगैरे नंतर बोलू. आधी बॅटरी बघा.