रात्री मोजणार कोण?

मा. संपादक,


पर्यटकांना चार-आठ दिवसांसाठी भाड्याने दिल्या जाणाऱ्या घरांवरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. न्यूयॉर्कने कडक कायदा केला, मग मुंबई-पुण्याने का करू नये, असा त्याचा सूर आहे. मी हडसन नदीच्या पश्चिम काठावर, जर्सी सिटीत राहतो. पाथ रेल्वेने नदीखालून काही मिनिटांत न्यूयॉर्क गाठता येते. दोन्ही शहरांचे नियम रोज जवळून पाहत असल्यामुळे लेखाला माझे अनुमोदन आहे, पण निम्मेच.

लेखातून एक गोष्ट सुटली आहे. तीन किंवा अधिक घरे असलेल्या इमारतींतला अख्खा फ्लॅट 30 दिवसांपेक्षा कमी काळासाठी भाड्याने देण्यावर न्यूयॉर्क राज्याने 2010 मध्येच बंदी आणली होती. तरीही पुढची बारा-तेरा वर्षे जाहिराती झळकत राहिल्या. फरक पडला तो 2022 मध्ये कायदा झालेल्या आणि 5 सप्टेंबर 2023 पासून प्रत्यक्ष अमलात आलेल्या ‘लोकल लॉ 18’मुळे. त्यानुसार घर देणाऱ्याने पालिकेकडे नोंदणी करायची, पाहुणे असताना स्वतः त्याच घरात राहायचे, दोनपेक्षा जास्त पाहुणे ठेवायचे नाहीत आणि मधल्या दारांना कुलूप लावायचे नाही. पण खरी मेख पुढेच आहे. नोंदणी तपासल्याशिवाय घरांचे आरक्षण घेणाऱ्या एअरबीएनबीसारख्या कंपनीला त्या व्यवहाराचे पैसेच घेता येत नाहीत. घेतले तर प्रत्येक व्यवहारामागे 1,500 डॉलरपर्यंत दंड. एअरबीएनबी कोर्टात गेली, ऑगस्ट 2023 मध्ये हरली. मग हजारो जाहिराती एक तर उतरल्या किंवा ‘किमान 30 रात्री’ अशी पाटी लावून बसल्या. बंदी जुनीच होती. ती गल्ल्यापाशी येऊन उभी राहिली तेव्हा लागू झाली.

आता आमचे शहर. 2015 मध्ये जर्सी सिटीने या धंद्याला रीतसर दार उघडले, हॉटेलासारखा कर लावला. चार वर्षांत त्याचा त्रास जाणवू लागला आणि नोव्हेंबर 2019 मध्ये नव्या निर्बंधांवर मतदान झाले. एअरबीएनबीने प्रचारावर लाखो डॉलर ओतले, तरी मतदारांनी मोठ्या फरकाने निर्बंधांच्या बाजूने कौल दिला. आता परवाना लागतो, भाडेकरूला हा धंदा करता येत नाही आणि मालक तिथे राहत नसेल तर वर्षाला 60 रात्रींची मर्यादा आहे. ‘आमच्या मालमत्तेवर घाला घातला’ म्हणत काही जण न्यायालयात गेले. 2022 मध्ये संघराज्याच्या अपील न्यायालयानेही त्यांचे म्हणणे फेटाळले.

कागदावर आमचा नियम मला अधिक समंजस वाटतो. दोन महिने भारतात आई-वडिलांकडे जाणाऱ्या माणसाने तेवढ्या काळात घर पर्यटकांना चार-आठ दिवसांसाठी दिले, तर कोणाचे काय बिघडते? न्यूयॉर्कमध्ये त्याला ते जमत नाही. एका मालकाचे एकुलते घर आणि दहा फ्लॅट अडवून बसलेला धंदेवाला यांना तिथे एकच माप. हे म्हणजे चोराबरोबर संन्याशालाही फाशी. एक-दोन कुटुंबांच्या घरांना सूट द्यावी, असा प्रस्ताव 2024 च्या अखेरीस तिथल्या नगरपरिषदेतही आला होता, तो काही उगीच नव्हे.

पण 60 रात्री मोजायच्या कोणी? मी राहतो त्या तीन मजली लाकडी घराच्या कठड्याला आकडे जुळवून उघडणारी किल्लीची पेटी लटकते. रात्री साडेबाराला कोणीतरी मोबाइलच्या उजेडात तिच्याशी झटापट करत असते, मग बॅगांची चाके एकेक पायरी ठोकत वरच्या मजल्यावर जातात. सकाळी कचऱ्याचे डबे चुकीच्या दिवशी रस्त्यावर असतात. बिचाऱ्या पाहुण्याला आमचा वार कुठून ठाऊक असणार? ही त्या मजल्यावरची बाविसावी रात्र की एकशेबाविसावी, हे मला सांगता येणार नाही. पालिकेचा निरीक्षक तरी शेजाऱ्याच्या तक्रारीवरून किती रात्री सिद्ध करील? ‘मालक घरात आहे का’ हे शेजाऱ्याला दिसते. ‘60 रात्री भरल्या का’ हे फक्त पैसे घेणाऱ्याच्या हिशेबात दिसते.

यावर कोणी म्हणेल, एवढे करून न्यूयॉर्कमधली भाडी कुठे उतरली? नाहीच उतरली, आणि निव्वळ या कायद्याने ती उतरतील अशी आशाही धरू नये. शहराच्या 2023 च्या पाहणीत भाड्याच्या घरांपैकी जेमतेम 1.41 टक्के घरे रिकामी आढळली होती. एवढी टंचाई नवी घरे बांधल्यानेच हटेल. पण जिथे शंभरात दीडही घर मोकळे नाही, तिथे राहत्या घराचे चोरून हॉटेल होऊ न देणे हे किमान काम आहे.

तेव्हा मुंबई-पुण्याने न्यूयॉर्कची नक्कल करू नये. मोकळीक जर्सी सिटीसारखी द्यावी: मालक घरात असेल तर हरकत नाही, नसेल तर वर्षाला ठरावीक रात्री. आणि रात्री मोजण्याची जबाबदारी न्यूयॉर्कसारखी पैसे घेणाऱ्या कंपनीच्या गळ्यात बांधावी. नोंदणी क्रमांकाशिवाय आरक्षण नाही आणि सगळ्या कंपन्यांवरच्या रात्रींची बेरीज पालिकेकडे त्याच क्रमांकावर जमा होईल. नाहीतर नियम होईल, सोसायटीच्या सूचनाफलकावर डकवला जाईल आणि रात्री मोजायचे काम येईल फाटकावरच्या वॉचमनकडे, त्याच्या त्या वहीत, जिच्यात प्रत्येक पाहुणा आपण ‘नातेवाईक’ असल्याचे लिहितो.

आपला,
एक वाचक, जर्सी सिटी