बर्गर खाऊ द्या, पण बक्षीस म्हणून नको!



"पाढे पाठ कर, मग तुला बर्गर खायला नेतो." हे वाक्य आता यवतमाळ, पुसद, वणीच नाही तर लहान गावांतल्या घरांतही ऐकू येतं. बर्गर वाईट आहे, तो खाऊच नये, असं मी म्हणणार नाही. गरम बन, आत कुरकुरीत आलू टिक्की, दोन्ही हातांनी धरून मोठा घास घ्यायचा, मजा येतेच. माझं म्हणणं एवढंच आहे की, बर्गर खुशाल खाऊ द्या, पण त्याला बक्षीस करू नका.

का बरं? कारण ज्या पदार्थाला आपण बक्षीस करतो, तो मुलाच्या मनात मोठा होतो आणि रोजचा पदार्थ आपोआप लहान होतो. अभ्यास केला तर बर्गर, नाही केला तर "घरी भाकर आहे, ती खा." म्हणजे भाकर ही शिक्षा झाली की नाही? मग तेच मूल शाळेत डबा अर्धाच उघडतं. ज्वारीची भाकर आणि चून कुणाला दिसू नये म्हणून झाकण आडवं धरतं. त्याला लाज भाकरीची वाटत नाही. आईच्या हाताची आणि बापाच्या वावराची वाटायला लागते. ही गोष्ट साधी नाही.

गंमत म्हणजे, ज्या अमेरिकेतून बर्गर आला, तिथे तो कधी थाटामाटाचा पदार्थ नव्हता. १९२१ मध्ये कॅन्सस राज्यातल्या विचिटा शहरात व्हाइट कॅसल सुरू झालं, तेव्हा बर्गर पाच सेंटला मिळायचा. झटपट खावा आणि कामाला लागावं, असा तो साध्या माणसाचा घास होता. आपल्याकडे १९६६ च्या सुमारास दादरला सुरू झालेल्या वडापावानेही मुंबईच्या गिरणी कामगारांचं पोट असंच भरलं. मॅकडोनाल्ड्स १९९६ मध्ये भारतात आलं, तेव्हा त्यांनाही गोमांस बाजूला ठेवावं लागलं. पुढे बनमध्ये आपली आलू टिक्की आली. म्हणजे बर्गर आपल्या आलूबोंड्याचा दूरचा भाऊच म्हणा ना! त्यात मोठेपणा तो कसला?

तब्येतीचं म्हणाल, तर जास्त तेल, मीठ, साखर असलेले पदार्थ शाळेत आणि शाळेच्या गेटपासून ५० मीटरच्या आत विकू नयेत, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा २०२० चा नियम आहे. म्हणून बर्गर कधीतरीच बरा. पण 'कधीतरी' म्हणजे 'मार्क मिळाले तर' नव्हे.

मग आपण काय करावं?

पालकांनो, बर्गर खायला जाल तेव्हा अट घालू नका. सगळे मिळून बसा, मोबाइल बाजूला ठेवा, हसतखेळत खा. "एवढ्या पैशात किती किलो ज्वारी आली असती" हे तिथे ऐकवू नका. आणि घरी भाकर वाढताना "आज भाकरच आहे" असं म्हणू नका. तो 'च' मुलं बरोबर ऐकतात.

शिक्षकांनो, 'माझा आवडता पदार्थ' हा निबंध आपण दरवर्षी लिहायला देतो. ज्यांनी कधी बर्गर पाहिलाही नाही, अशी पोट्टीही त्यात पिझ्झा-बर्गर लिहितात, कारण त्यांना वाटतं, गुरुजींना हेच आवडेल. तेव्हा आंबाडीची भाजी आणि भाकर लिहिणाऱ्याचा निबंधही वर्गात वाचून दाखवा. परिसर अभ्यासाच्या तासाला फळ्यावर बर्गर आणि भाकर शेजारी शेजारी काढा. गहू, आलू, टमाटर, तेल, ज्वारी यांतलं आपल्या शिवारात काय पिकतं आणि बाहेरून काय येतं, हे मुलांनाच विचारा. सोयाबीन आणि कापूस पिकवणाऱ्या घरची मुलं सोयाबीन आणि सरकीच्या तेलाबद्दल आपल्यापेक्षा जास्त सांगतील.

सुटीनंतर "कोण कोण हॉटेलात गेलं, हात वर करा" हा प्रश्न मात्र विचारू नका. ज्यांचे हात खालीच राहतात, त्यांच्याकडे एकदा बघा, म्हणजे कारण कळेल.

मुलाने बर्गरही चवीने खावा आणि भाकरीचा डबाही सगळ्यांसमोर पूर्ण उघडावा. तुम्हाला काय वाटतं? तुमच्या वर्गातला आणि घरातला अनुभव जरूर कळवा.