पोटाचा पहारेकरी



आजचा विषय वाचून तुमच्यापैकी निम्मे तरी नाक मुरडणार, हे मला ठाऊक आहे. ‘‘शीऽ! डॉक्टरमावशी, हा काय विषय झाला?’’ असं म्हणणार. काही जण तर पान उलटून थेट शब्दकोड्याकडे वळणार. पण थांबा हं! ज्यांना आत्ता पान उलटावंसं वाटतंय ना, त्यांच्यासाठीच मी आज लिहितेय.

विषय आहे उलटी.

झालं! शब्द मी लिहिला, तुम्ही वाचला, आणि बघा, काहीसुद्धा बिघडलं नाही.

सातवीतल्या एका मैत्रिणीचं पत्र आलंय. नाव सांगत नाही, कारण तिनंच सांगू नका म्हटलंय. ती दुसरीत असताना शेजारच्या बाकावरच्या मुलाला वर्गातच उलटी झाली. तेव्हापासून तिच्या मनात जी भीती बसली, ती बसलीच. वर्गात ती दाराजवळचाच बाक धरते. डबा अर्धा परत आणते. कुणी नुसतं खोकलं तरी दचकते. रोज झोपताना आईला विचारते, ‘‘मला रात्री काही होणार नाही ना?’’ एकदा नाही, दहादा! आता वर्गाची सहल निघालीय प्रतापगडला. घाटाचा रस्ता! सगळ्या मैत्रिणींनी पैसे भरले, हिनं मात्र घरी अजून सांगितलेलंच नाही. पत्राच्या शेवटी तिनं विचारलंय, ‘मावशी, मी वेडी आहे का?’

नाही गं राणी, मुळीच नाही. या भीतीला ‘इमेटोफोबिया’ म्हणतात. ग्रीक भाषेत ‘इमेसिस’ म्हणजे उलटी आणि ‘फोबोस’ म्हणजे भीती. ज्या भीतीला डॉक्टरांनी नाव देऊन ठेवलंय, ती काही तुझ्या एकटीची नाही. लहानांना असते, मोठ्यांनाही असते. आणि खरं सांगू? मलाही होती!

आम्ही राहायचो कराडला आणि आजोळ चिपळूणला. मध्ये कुंभार्ली घाट. चौथीत असताना त्या घाटात मला जाम मळमळलं आणि मी एसटीचाच धसका घेतला. पुढची दोन वर्षं मे महिन्यात मी आजोळी गेलेच नाही. कधी अभ्यासाची सबब, कधी डोकं दुखण्याची. आजी आंब्यांची पेटी पाठवायची आणि सोबत चिठ्ठी, ‘आंबे आले, नात कुठे आहे?’ तिसऱ्या वर्षी आजी आजारी पडली आणि जावंच लागलं. हेळवाक गेलं, घाट लागला, आणि ज्याला मी भीत होते तेच झालं! आईनं कपाळ धरलं. सगळं मिळून एखादा मिनिट. मग चूळ भरली, डोळ्यांतलं पाणी पुसलं, आणि घाटाखाली पोफळीला गाडी थांबली तेव्हा मी म्हणाले, ‘‘आई, भूक लागलीय.’’

ज्याला दोन वर्षं भ्यायले, ते एका मिनिटात संपलं होतं! तेव्हा हसू यायला हवं होतं, पण मला रडूच आलं. दोन वर्षांची आजी हुकली होती ना!

त्या मिनिटात शरीरात नेमकं काय घडलं, हे पुढे डॉक्टरकीच्या पुस्तकांत वाचलं आणि उरलीसुरली भीतीही गेली. तीच गोष्ट आज तुम्हाला सांगते.

आपल्या मेंदूच्या अगदी तळाशी, मानेच्या वर, लंबमज्जा नावाचा भाग आहे. श्वास, हृदयाचे ठोके, गिळणं ही कामं तिथूनच चालतात. आपल्या पोटाचा पहारेकरीही तिथंच बसलेला असतो. त्याच्याकडे चार ठिकाणांहून बातम्या येतात.

पहिली बातमी येते जठर आणि आतड्यांकडून. ‘आत काहीतरी नासकं आलंय’ हे आतड्याच्या अस्तरातल्या पेशी ओळखतात आणि व्हेगस नावाच्या मज्जातंतूवाटे मेंदूला कळवतात. लॅटिनमध्ये ‘व्हेगस’ म्हणजे भटक्या. मेंदूपासून पोटापर्यंत भटकत जातो म्हणून हे नाव!

दुसरी बातमी रक्ताकडून. रक्तातले नको ते पदार्थ मेंदूत शिरू नयेत म्हणून तिथं जणू एक भिंत असते. पण पहारेकऱ्याजवळच्या एका चिमुकल्या जागेत ही भिंत विरळ असते. का? तर रक्तात विष उतरलंय का, याची चव घेता यावी म्हणून!

तिसरी बातमी कानाकडून. कानाच्या आत तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात, त्यात द्रव असतो. आपण वळलो, कललो की तो हलतो. घाटात तुम्ही गोष्टीचं पुस्तक वाचत बसलात, तर डोळे म्हणतात ‘आपण स्थिर आहोत’ आणि कान म्हणतो ‘अरे, आपण गरागरा वळतोय!’ या भांडणात पहारेकरी गोंधळतो आणि आपल्याला गाडी लागते. चालवणाऱ्याला सहसा लागत नाही, कारण पुढचं वळण त्याला आधीच दिसत असतं. लहानपणी गाडी जास्त लागते, मोठेपणी बहुतेकांची कमी होते. मात्र चार्ल्स डार्विन १८३१ मध्ये ‘बीगल’ जहाजावरून निघाला तो पाच वर्षांच्या सफरीत समुद्रात कायम हैराण झाला. तरी त्यानं जगाला शहाणं करणारं काम केलंच की! अंतराळवीरांपैकीही पुष्कळांना पहिले दोन-तीन दिवस मळमळतं.

चौथी बातमी येते मनाकडून. तिच्याकडे आपण शेवटी वळू, कारण खरी गोम तिथंच आहे.

आता समजा, पहारेकऱ्यानं ठरवलं की पोटातलं बाहेर काढायचं. मग काय गोंधळ उडतो का? छे! अगदी कवायतीसारखं सगळं ओळीनं होतं. आधी तोंडाला पाणी सुटतं. ही लाळ उगाच नाही येत. जठरातलं आम्ल दातांना झोंबू नये म्हणून ती आधीच येऊन दात धुते. मग लहान आतड्याच्या वरच्या भागातलं अन्न उलट जठरात ढकललं जातं. आपण एक खोल श्वास घेतो. लगेच श्वासनलिकेचं दार बंद होतं. टाळूचा मागचा मऊ भाग वर उचलला जाऊन नाकाची वाट झाकतो. मग श्वासपटल आणि पोटाचे स्नायू जोरात आवळले जातात. गंमत म्हणजे जठर स्वतः या वेळी ढिलं असतं! अन्ननलिकेची वाट उघडते, आणि काम फत्ते.

माझ्या मैत्रिणीला ‘श्वास अडकेल’ अशी धास्ती वाटते. पण बघ, श्वासनलिकेचं दार आधी बंद होतं, मगच बाकीचं. दोन उमाशांच्या मधे आपण श्वास घेतोच. तुला काही करावं लागत नाही. शरीराला हे काम येतं, तुझ्या जन्मापासून येतं.

आणि ही सोय सगळ्यांना नसते बरं का! उंदराला उलटी करताच येत नाही. म्हणून तर उंदराच्या औषधापुढे तो बिचारा हतबल. घोड्यालाही येत नाही, त्यामुळे त्याची साधी पोटदुखीसुद्धा जिवावर बेतू शकते. म्हणजे उलटी हा आजार नाही, शत्रू तर नाहीच. तो पहारेकरी आहे. जरासा दांडगट, पण आपल्या बाजूचा!

आता चौथी बातमी. एक प्रयोग करू. डोळे मिटा आणि गाभुळलेल्या चिंचेचा विचार करा. वर मीठ लावलंय, जिभेवर ठेवलीय... आलं ना तोंडाला पाणी? चिंच कुठे होती? नव्हतीच! नुसत्या विचारानं खरी लाळ सुटली. अगदी तसंच, नुसत्या भीतीनं खरी मळमळ होते.

घाबरलं की शरीर पळायच्या तयारीला लागतं. ॲड्रेनॅलिन रक्तात येतं, हृदय धडधडतं, रक्त पोटाकडून हातापायांच्या स्नायूंकडे वळतं, पचनाचं काम मंदावतं. मग पोटात कसंतरी होतं. ‘पोटात गोळा आला’ असं आपल्या आज्या उगाच नाही म्हणत!

हे डोळ्यांनी पाहणारा एक डॉक्टरही होऊन गेला. १८२२ मध्ये अमेरिकेतल्या मॅकिनॅक बेटावर ॲलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या तरुणाच्या पोटात बंदुकीची गोळी घुसली. डॉक्टर विल्यम बोमाँट यांनी त्याला वाचवलं, पण जठराला पडलेलं भोक कधीच पूर्ण बुजलं नाही. पुढे डॉक्टर त्या भोकातून रेशमी दोऱ्याला अन्नाचे तुकडे बांधून आत सोडायचे आणि पचन कसं होतं ते बघायचे. १८३३ मध्ये त्यांनी यावर पुस्तक लिहिलं. त्यांना दिसलं की माणूस चिडला किंवा घाबरला की जठराच्या आतल्या अस्तराचं रूप बदलतं आणि पचन बिघडतं. जठराला भोक असलेला तो सेंट मार्टिन मात्र त्यानंतर पुष्कळ जगला, १८८० पर्यंत!

आता चक्र लक्षात आलं? ‘मला उलटी होईल’ ही भीती. भीतीनं मळमळ. मळमळ झाली म्हणून ‘बघा, आता होणारच!’ ही आणखी भीती. त्यानं आणखी मळमळ. चिंच कुठेच नाही आणि लाळेचा पूर! खरं तर मळमळलं म्हणजे उलटी होणारच असं मुळीच नाही. बहुतेक वेळा ती लाट येते, वर चढते आणि आपोआप ओसरते.

पण आपण काय करतो? लाट ओसरायच्या आधीच पळतो. सहल टाळतो, डबा टाळतो, दाराजवळ बसतो. मग मेंदू म्हणतो, ‘पळालो म्हणून वाचलो!’ आणि पुढच्या वेळी भीती दुप्पट. म्हणून या भीतीवर उपाय एकच, पळायचं थांबायचं. मात्र एकदम नाही, पायरीपायरीनं.

पहिली पायरी, कागदावर ‘उलटी’ हा शब्द लिहा. मग तो मोठ्यानं म्हणा. मग त्याचं चित्र काढा, विनोदी काढलं तरी चालेल. मग भिजलेली बिस्किटं आणि वरण एका वाडग्यात कालवून ‘खोटी उलटी’ करा आणि तिच्याकडे बघा. मग वर्गातला मधला बाक. मग गाडीचा छोटा प्रवास. प्रत्येक पायरीवर भीती वाटेल. वाटू दे. सावकाश श्वास घ्या, त्याहून सावकाश सोडा, आणि भीती आपोआप उतरेपर्यंत तिथंच थांबा. ती उतरली की मगच पुढची पायरी. हे एकट्यानं करायचं नाही, आईबाबांना सोबत घ्या. आणि घाटात पुस्तक मिटून लांबच्या डोंगराकडे बघा. शक्यतो पुढची जागा घ्या.

आईबाबांसाठी दोन शब्द

मुलांची ही भीती नखरे नसतात, तेव्हा रागावू नका, हसू नका. पण ‘‘काही होणार नाही हं’’ असं दहादा सांगूही नका. त्यानं भीतीला खतपाणीच मिळतं. त्यापेक्षा म्हणा, ‘‘झाली तर झाली, मी आहे ना, मिनिटात संपेल.’’ मूल जेवण तोडू लागलं, वजन घटलं, शाळा बुडू लागली, तर समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. या भीतीवर उपचार आहेत. सरकारची ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनी सेवा २०२२ पासून आहे, क्रमांक १४४१६.

खरोखर उलट्या-जुलाब झाले तर ओआरएस घोटघोट द्या. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचे चहाचे. १९७१ मध्ये बांगलादेशाच्या निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी अशाच पाण्यानं कॉलऱ्याच्या हजारो रुग्णांना वाचवलं. मात्र उलटीत रक्त किंवा हिरवा रंग दिसला, डोक्याला मार लागल्यावर उलट्या झाल्या, पोट सतत दुखलं, किंवा पाणीही टिकत नसून लघवी कमी झाली, तर लगेच डॉक्टर गाठा.

आता पुन्हा माझ्या सातवीतल्या मैत्रिणीकडे. तुला कधीच उलटी होणार नाही, असं वचन मी देणार नाही. आयुष्यात चार-दोनदा व्हायचीच. प्रतापगडला जाच, असंही मी म्हणणार नाही, ते तू ठरव. पण आज एवढं कर. हे पान आईला वाचायला दे आणि सहलीचं सांग. गेलीस आणि घाटात पोटात ढवळलंच, तर मनात म्हण, ‘पहारेकरी जागा आहे, त्याचं काम त्याला येतं.’ आणि मग खिडकीतून डोंगर बघ. फार सुंदर आहेत ते.

काय झालं ते मला नक्की कळव. गेलीस तरी, नाही गेलीस तरी. मी वाट बघतेय.

तुमची,
डॉक्टरमावशी